स्वस्ताईची साखळी

फेब्रुवारी २००६. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात चार वर्षांच्या एका मुलाला उलट्या होऊ लागल्या. पोट बिघडले असावे असे समजून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवले. दोन दिवसांनी त्याला पुन्हा रुग्णालयात आणले, तेव्हा त्याची अवस्था वाईट होती. मेंदूला सूज आली होती. एक्स-रेमध्ये पोटात धातूची एक लहानशी वस्तू दिसली आणि रक्ततपासणीत शिशाचे प्रमाण एका डेसिलिटरमागे १८० मायक्रोग्रॅम निघाले. मूल वाचले नाही. पोटातली वस्तू म्हणजे हातातल्या साखळीला लटकवायचे बदामाच्या आकाराचे पदक होते. रीबॉक कंपनीच्या बुटांबरोबर ही साखळी मोफत मिळत असे. चीनमध्ये बनलेल्या त्या पदकात जवळजवळ ९९ टक्के शिसे होते. कंपनीने अशा तीन लाख साखळ्या परत मागवल्या आणि पुढे दहा लाख डॉलर दंड भरला.

या घटनेतला 'मोफत' हा शब्द महत्त्वाचा आहे. फुकट द्यायची वस्तू बनवायला सांगताना ती किती पैशांत बसवायची हे आधी ठरते आणि ती कशाची बनवायची हे नंतर. शिसे जड असते, लवकर वितळते, साच्यात सहज ओतता येते, वर मुलामा दिला की चांदीसारखे दिसते आणि स्वस्त असते. ठरलेल्या किमतीत वस्तू बसवायची तर कारागिराचा हात शिशाकडे जाणे स्वाभाविक होते. ही वस्तू चीनमधून आली, म्हणून आपण 'चिनी माल' म्हणून मोकळे होतो. पण ती किंमत चीनमध्ये ठरली होती का, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. या लेखात तो विचारायचा आहे.

२००७ चा उन्हाळा

त्या मृत्यूनंतर सव्वा वर्षाने अमेरिकेत असुरक्षित आयात मालाच्या बातम्यांची रीघ लागली. मार्च २००७ मध्ये पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे बाजारातून परत घेण्यात आली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळले होते. मेलामाइन हा प्लॅस्टिकच्या ताटवाट्या बनवायचा पदार्थ. त्यात नायट्रोजन भरपूर असतो आणि प्रथिनांची नेहमीची चाचणी नायट्रोजनच मोजते. त्यामुळे मेलामाइन घातले की निकृष्ट मालही प्रथिनयुक्त ठरतो. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बाळांच्या दूधपावडरीत हीच भेसळ सापडली. सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख मुले आजारी पडली. परदेशी ग्राहकाला फसवणारी युक्ती स्वतःच्या घरातही तितक्याच निर्दयपणे वापरली गेली होती.

जून २००७ मध्ये 'थॉमस अँड फ्रेंड्स' मालिकेतल्या लाकडी आगगाड्यांचे पंधरा लाख नग परत मागवले गेले. त्यांच्या लाल-पिवळ्या रंगात शिसे होते. २ ऑगस्टला मॅटेल या जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी-कंपनीने फिशर-प्राइस नावाने विकलेली सुमारे पंधरा लाख खेळणी परत मागवली. त्यांत एल्मो, बिग बर्ड, डोरा ही मुलांची लाडकी पात्रे होती. १४ ऑगस्टला त्याच कंपनीने 'कार्स' चित्रपटातल्या सार्ज नावाच्या गाडीचे ४ लाख ३६ हजार नग शिशामुळे आणि लहान लोहचुंबक बसवलेली तब्बल १ कोटी ८२ लाख खेळणी चुंबक निघून येतात म्हणून परत मागवली. मुलाने असे दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पाडतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला मॅटेलने आणखी आठ-साडेआठ लाख नग परत घेतले.

रंगातल्या शिशाचा धोका नवा नव्हता. अमेरिकेने घरगुती रंगांतून आणि खेळण्यांतून शिसे १९७८ मध्येच हद्दपार केले होते. शरीर शिशाला कॅल्शियम समजते आणि हाडांत, मेंदूत जागा देते. लहान मुलांच्या बुद्धीवर आणि वागण्यावर त्याचा जो परिणाम होतो तो पुसता येत नाही. रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे आज आरोग्यसंस्था सांगतात. तरीही रंगवाल्यांना शिसे हवेसे वाटते, कारण लेड क्रोमेटचा पिवळा रंग झगझगीत असतो, चांगला झाकतो, टिकतो आणि बिनशिशाच्या चांगल्या रंगद्रव्यापेक्षा स्वस्त पडतो.

रंग आला कुठून?

एल्मो आणि डोराची ती खेळणी ग्वांगदोंग प्रांतातल्या फोशान शहरात, ली डर नावाच्या कारखान्यात बनली होती. हा कारखाना मॅटेलसाठी पंधरा वर्षे काम करत होता. म्हणजे कालपरवा उगवलेला कोणी भुरटा उत्पादक नव्हता. कारखान्याला रंग पुरवणारी कंपनी मालकाच्या मित्राची होती. त्या कंपनीने पिवळे रंगद्रव्य दुसरीकडून घेतले आणि ते बनावट निघाले. चीन सरकारने कारखान्याची निर्यात थांबवली. काही दिवसांतच त्याच्या मालकाने कारखान्यातच गळफास घेतला.

सार्ज गाडीची कथाही अशीच. मॅटेलने काम अर्ली लाइट नावाच्या कंपनीला दिले. अर्ली लाइटने रंगकाम हाँग ली दा या छोट्या कंपनीकडे सोपवले. रंग अर्ली लाइटकडूनच घ्यायचा असा नियम होता, पण हाँग ली दाने तो परवानगी नसलेल्या तिसऱ्याकडून घेतला. मॅटेलची नियमावली होती, मान्यताप्राप्त रंगवाल्यांची यादी होती, तपासनीस होते. पण ते सगळे साखळीच्या पहिल्या-दुसऱ्या कडीपर्यंत. रंगाचा डबा पाचव्या कडीतून आत आला.

या कड्या अशा का वाढतात? कारण प्रत्येक कडीला मिळालेला भाव तिच्या खर्चाला पुरत नाही आणि ती कामाचा एक तुकडा स्वतःपेक्षा स्वस्त माणसाकडे ढकलते. आपल्याकडे सरकारी रस्त्याचे काम मुख्य कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे आणि त्याच्याकडून गावातल्या मुकादमाकडे जाताना डांबराचा थर कसा पातळ होत जातो हे आपण पाहतो. खेळण्यांच्या धंद्यात तेच रंगाबाबत घडले. पॉल मिडलर नावाचे अमेरिकी मध्यस्थ बरीच वर्षे दक्षिण चीनमध्ये आयातदारांसाठी काम करत होते. त्यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या 'पुअरली मेड इन चायना' या पुस्तकात दर्जाच्या या हळूहळू होणाऱ्या घसरणीचे वर्णन आहे. पहिला माल नमुन्याबरहुकूम येतो. मग बाटलीचे प्लॅस्टिक थोडे पातळ होते, सुगंध थोडा कमी होतो, खोक्याचा पुठ्ठा हलका होतो. प्रत्येक बदल इतका छोटा असतो की तो खरेदीदाराला कळत नाही. कारखानदार सुरुवातीला जवळजवळ तोट्यात मागणी मिळवतो आणि नफा नंतर असा चिमटीचिमटीने काढून घेतो.

दहा डॉलरची बाहुली

ही चिमूट एवढी महत्त्वाची का ठरते हे समजण्यासाठी एक जुना हिशेब पाहण्यासारखा आहे. १९९६ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने बार्बी बाहुलीच्या किमतीची फोड केली होती. अमेरिकेतल्या दुकानात सुमारे दहा डॉलरला मिळणारी ही बाहुली हाँगकाँगहून निघताना दोन डॉलरची असे. त्या दोन डॉलरांत कच्च्या मालाचे ६५ सेंट आणि चिनी मजुरीचे ३५ सेंट. उरलेल्या एका डॉलरमध्ये वाहतूक, व्यवस्थापन आणि हाँगकाँगच्या कंपन्यांचा नफा. म्हणजे दहातले आठ डॉलर बाहुली बोटीत चढल्यानंतर जन्माला येत होते: मॅटेलचा नफा, जाहिरात, गोदाम, घाऊक व्यापारी, दुकान.

आता समजा, दुकानदाराने भाव पाच टक्क्यांनी कमी करायला सांगितले. दहा डॉलरवर हे पन्नास सेंट. ते जाहिरातीतून किंवा दुकानाच्या वाट्यातून कापले गेले तर कोणाला फारसे जाणवणार नाही. पण ते साखळीतून खाली खाली ढकलत कारखान्यापर्यंत पोहोचवले, तर ती एका बाहुलीमागच्या संपूर्ण मजुरीपेक्षा मोठी रक्कम होते. कारखानदार मजुरी शून्यावर आणू शकत नाही. त्याच्या हातात कच्चा माल, रंग, कामाचे तास आणि इमारतीची सुरक्षितता एवढेच उरते. वरच्या टोकाचा किरकोळ बदल खालच्या टोकाला जीवघेणा होतो तो असा.

एकच गिऱ्हाईक

पुरवठादार 'परवडत नाही' असे सांगून मोकळा का होत नाही? या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राने १९३३ मध्येच देऊन ठेवले आहे. केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी 'द इकॉनॉमिक्स ऑफ इम्पर्फेक्ट कॉम्पिटिशन' या ग्रंथात 'मोनॉप्सनी' हा शब्द रूढ केला. एकच विकणारा असेल तर मक्तेदारी. एकच विकत घेणारा असेल तर मोनॉप्सनी, म्हणजे खरेदीदाराची मक्तेदारी. त्यांच्या चरित्रातला एक तपशील मराठी वाचकाला रुचेल. हा ग्रंथ लिहिण्यापूर्वी, १९२६ ते १९२८ या काळात, त्या ग्वाल्हेरला राहत होत्या; त्यांचे पती ऑस्टिन रॉबिन्सन हे शिंदे घराण्यातल्या बालमहाराजांचे शिक्षक होते.

ही कल्पना आपल्याला समजावून घ्यायला केंब्रिजपर्यंत जायलाही नको. महाराष्ट्रात एकेकाळी उसाला झोनबंदी होती. शेत ज्या कारखान्याच्या क्षेत्रात, त्याच कारखान्याला ऊस घालायचा. तोडणीला उशीर झाला तर ऊस वाळायचा, वजन घटायचे आणि भाव कारखाना सांगेल तो. शेतकऱ्याकडे माल होता, पण दुसरे गिऱ्हाईक नव्हते. हीच स्थिती हजारो पुरवठादारांची एका दुकानसाखळीपुढे झाली, आणि ती साखळी म्हणजे वॉलमार्ट.

सॅम वॉल्टन यांनी पहिले वॉलमार्ट १९६२ मध्ये अर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या छोट्या गावात उघडले. चाळीस वर्षांत ती जगातली सर्वांत मोठी किरकोळ विक्रेता कंपनी झाली. तिचे खरे सामर्थ्य दुकानांच्या संख्येपेक्षा माहितीत होते. बारकोडमुळे कोणत्या दुकानात कोणती वस्तू किती खपली हे तिला रोजच्या रोज कळत असे. १९९१ मध्ये 'रिटेल लिंक' या संगणकप्रणालीतून ही माहिती तिने पुरवठादारांनाही खुली केली. त्यात सोय होती, तसा धाकही होता. आपला माल किती हलतो हे आता उत्पादकाआधी दुकानाला ठाऊक असे. पूर्वी कारखानदार माल बनवून दुकानदाराच्या गळ्यात मारत असे. आता काय बनवायचे, किती, कधी आणि कोणत्या किमतीत, हे दुकान सांगू लागले. २००० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत वॉलमार्टने आपल्या जागतिक खरेदीचे मुख्य केंद्र चीनमधल्या शेंझेन शहरात हलवले.

तिच्याशी व्यवहार कसा चालत असे याचे उदाहरण म्हणून व्लासिक या अमेरिकी लोणचे-कंपनीची गोष्ट नेहमी सांगितली जाते. चार्ल्स फिशमन या पत्रकाराने ती २००३ मध्ये उजेडात आणली. वॉलमार्टने व्लासिकच्या खारवलेल्या काकड्यांची गॅलनभर मापाची, म्हणजे पावणेचार लिटरची, बरणी २ डॉलर ९७ सेंटला विकायला सुरुवात केली. एवढ्या काकड्या कुटुंबाला संपवता येत नसत, त्या बुरसून जात. पण किंमत इतकी कमी होती की आठवड्याला सुमारे २ लाख ४० हजार बरण्या खपू लागल्या. एका बरणीमागे व्लासिक आणि वॉलमार्ट यांना एखाददुसरा सेंटच सुटे. शिवाय या बरणीने व्लासिकच्याच लहान, जास्त नफ्याच्या बरण्यांचा खप खाल्ला. कंपनीने भाव थोडा वाढवून मागितला, तेव्हा तसे केल्यास तुमचा बाकीचा मालही घेणार नाही, असे तिला सुनावण्यात आले. अखेर वॉलमार्टने माघार घेतली, पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. जानेवारी २००१ मध्ये व्लासिकने दिवाळखोरी जाहीर केली. त्यामागे जुन्या कर्जाचे ओझे हे मोठे कारण होते, त्यामुळे सगळा दोष त्या बरणीला देता येणार नाही. मात्र नफा नसतानाही विक्री थांबवता येत नाही, ही पुरवठादाराची कोंडी या गोष्टीत स्पष्ट दिसते.

नाही म्हणणारेही होते. गवत कापायची यंत्रे बनवणाऱ्या स्नॅपर कंपनीचे प्रमुख जिम वीर २००२ मध्ये वॉलमार्टच्या कचेरीत गेले आणि यापुढे तुम्हाला माल देणार नाही असे सांगून आले. त्यांच्या हिशेबाने, वॉलमार्टच्या भावात यंत्र बसवायचे तर ते स्नॅपरचे यंत्र राहिले नसते. पण त्यांच्याकडे हजारो स्वतंत्र विक्रेते होते. दुसरे गिऱ्हाईक असलेल्यालाच नकार परवडतो.

खेळण्यांच्या बाजारात १९९८ मध्ये वॉलमार्टने 'टॉइज आर अस' या खास खेळण्यांच्या दुकानसाखळीला मागे टाकून अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला. मॅटेल आपल्याला बलाढ्य वाटते, पण २००७ मध्ये तिच्या जगभरच्या विक्रीचा सुमारे दोन पंचमांश भाग फक्त तीन दुकानसाखळ्यांतून होत होता. ज्या कंपनीपुढे फोशानचा कारखानदार हात जोडून उभा राहत असे, ती स्वतः या तीन गिऱ्हाइकांपुढे फार ताठ उभी राहू शकत नव्हती. साखळीतल्या प्रत्येक कडीला वरून ताण होता आणि प्रत्येक कडी तो खाली सोडत होती.

माफी कोणी कोणाची मागितली

२१ सप्टेंबर २००७ रोजी बीजिंगमध्ये एक अनपेक्षित प्रसंग घडला. मॅटेलचे वरिष्ठ अधिकारी टॉमस डेब्रॉस्की यांनी चीनच्या गुणवत्ता-नियंत्रण खात्याचे प्रमुख ली चांगच्यांग यांची जाहीर माफी मागितली. परत मागवलेल्या खेळण्यांपैकी बहुसंख्य खेळणी कारखान्याच्या चुकीमुळे नव्हे तर मॅटेलच्या स्वतःच्या आराखड्यातल्या दोषामुळे परत घ्यावी लागली, हे त्यांनी कबूल केले. आकडे पाहिले तर ते उघडच होते. शिशाची खेळणी काही लाख होती. चुंबकाची कोटीच्या पुढे. चुंबक कुठे आणि कसा बसवायचा हे कॅलिफोर्नियात ठरले होते. चिनी कामगाराने तो सांगितल्याप्रमाणेच बसवला होता.

त्याच महिन्यात कॅनडातले दोन अभ्यासक, हरी बापूजी आणि पॉल बीमिश, यांनी अमेरिकेतली १९८८ पासूनची ५५० खेळणी-माघारीची प्रकरणे तपासून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतली ७६ टक्क्यांहून अधिक प्रकरणे आराखड्यातल्या दोषांची निघाली: सुटणारे लहान भाग, धारदार कडा, गळ्याला अडकणाऱ्या दोऱ्या. उत्पादनातल्या दोषांची प्रकरणे सुमारे दहा टक्के. 'चिनी माल वाईट' हे सूत्र निदान खेळण्यांच्या बाबतीत अर्धवट होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, असे मात्र म्हणता येणार नाही, कारण शिशाच्या बाबतीत चिनी रंगवाला संन्यासी नव्हता. पण त्याच्या शेजारी आणखी कोणीतरी उभे राहायला हवे होते आणि ते तिथे दिसत नव्हते.

'आम्हाला ठाऊक नव्हते' हा या धंद्यातला नेहमीचा बचाव आहे. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळच्या ताझरीन कपडे-कारखान्याला आग लागून किमान ११२ कामगार मेले. राखेत वॉलमार्टसाठी बनणारे कपडे सापडले. आमच्या पुरवठादाराने परवानगीशिवाय तिथे उपकंत्राट दिले होते, असे कंपनीने सांगितले आणि त्या पुरवठादाराशी संबंध तोडला. विधान खरे असेलही. सार्ज गाडीच्या वेळी मॅटेलनेही जवळपास हेच सांगितले होते. पण परवानगीशिवाय उपकंत्राट हा अपवाद नसून त्या भावात आणि त्या मुदतीत माल देण्याचा रूढ मार्ग असेल, तर न कळणे हाही व्यवस्थेचा भाग ठरतो. पाच महिन्यांनी राणा प्लाझाची इमारत कोसळून ११३४ माणसे गेली. त्यानंतर इमारत-सुरक्षेचा कायदेशीर बंधन असलेला करार झाला, तेव्हा युरोपातल्या अनेक कंपन्यांनी सही केली. वॉलमार्टने त्यावर सही न करता अमेरिकी कंपन्यांचा वेगळा मंच पत्करला.

कायदा आणि त्याचा भार

२००७ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे सुमारे चारशे कर्मचारी उरले होते. १९८० मध्ये ते जवळपास हजार होते. याच काळात देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांपैकी सुमारे ८० टक्के खेळणी चीनहून येऊ लागली होती. पहारेकरी निम्मे झाले आणि दारातून येणारा माल अनेक पटींनी वाढला.

खेळण्यांच्या प्रकरणांनंतर अमेरिकी संसदेने कायदा केला. १४ ऑगस्ट २००८ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. रंगातल्या शिशाची मर्यादा दशलक्षात ६०० भागांवरून ९० भागांवर आली. मुलांच्या प्रत्येक वस्तूची स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. कायदा चांगला होता, पण त्याचा भार कोणावर पडला हे पाहण्यासारखे आहे. घरच्या कार्यशाळेत लाकडी खेळणी बनवणाऱ्या छोट्या अमेरिकी कारागिरांना प्रत्येक नमुन्याच्या तपासणीचा खर्च झेपेना. ज्यांचा या प्रकरणात काडीचाही दोष नव्हता त्यांना आपला धंदा वाचवण्यासाठी संघटना उभारावी लागली. त्याच वेळी, २००९ मध्ये, मॅटेलला मात्र आपल्याच मालकीच्या प्रयोगशाळांत तपासणी करण्याची मुभा मिळाली. शिशाच्या खेळण्यांबद्दल तिला झालेला दंड २३ लाख डॉलरचा होता. तिची वर्षाची विक्री सुमारे सहाशे कोटी डॉलरची होती.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मोठ्या खरेदीदाराच्या हातातली हीच ताकद उलट दिशेनेही चालते. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतल्या बिस्फेनॉल-ए या रसायनाबद्दल शंका निर्माण झाल्या, तेव्हा २००८ च्या एप्रिलमध्ये वॉलमार्टने अशा बाटल्या विकणे थांबवण्याचे जाहीर केले. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने त्यांवर बंदी घातली ती २०१२ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २००८ च्या ऑक्टोबरमध्ये, वॉलमार्टच्या प्रमुखांनी बीजिंगमध्ये सुमारे हजार पुरवठादारांना बोलावून बजावले की, जो कामगारांचे तास चोरतो आणि नदीत रसायने सोडतो तो शेवटी मालाच्या दर्जातही चोरी करणारच. विचार बरोबर होता. स्वस्त वस्तूंमुळे गरीब अमेरिकी कुटुंबांचे महिन्याचे बजेट सावरले हेही खरेच. प्रश्न एवढाच की, नदी स्वच्छ ठेवायची आणि तासांचे पैसे द्यायचे तर भाव वाढवून मिळेल का, याचे उत्तर त्या सभेत पुरवठादारांना हवे होते.

आपल्या दारात

भारताने २३ जानेवारी २००९ रोजी चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली आणि मार्चमध्ये ती शिथिल करून आंतरराष्ट्रीय मानकांचे प्रमाणपत्र असलेल्या खेळण्यांना वाट मोकळी केली. त्यानंतर दहा वर्षे प्रश्न जिथल्या तिथे राहिला. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली आणि परिसरातल्या बाजारांतून १२१ प्रकारची आयात खेळणी घेऊन तपासली. त्यांतली सुमारे ६७ टक्के नापास झाली. २०२० मध्ये आयातशुल्क २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. आपल्याकडेही छोट्या कारागिरांचा प्रश्न उभा राहिला, पण इथे सरकारने वेळीच नोंदणीकृत हस्तकला-कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना सूट दिली. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांसारख्या परंपरांच्या दृष्टीने ही सूट मोलाची आहे.

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने महिनाभरात देशभर छापे घालून चिन्ह नसलेली १८,६०० खेळणी जप्त केली. ती फुटपाथवरून नव्हे, तर मोठमोठ्या मॉलमधल्या आणि विमानतळांवरच्या दुकानांतून. आपण फुटपाथवरच्या मालाकडे संशयाने पाहतो आणि काचेच्या दारामागचा माल निश्चिंतपणे घेतो; ती समजूत या छाप्यांनी खोटी ठरवली.

याहून महत्त्वाचा बदल फारशी चर्चा न होता झाला. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या ८६ व्या कलमानुसार, विक्रेत्याने वस्तूच्या आराखड्यावर, चाचणीवर, उत्पादनावर, वेष्टनावर किंवा लेबलावर भरीव नियंत्रण ठेवले असेल, तर वस्तू त्याने बनवलेली नसली तरी तिच्यामुळे झालेल्या इजेला तो जबाबदार ठरतो. उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तरीही विक्रेत्याला धरता येते. फोशानच्या कारखानदाराला नागपूरच्या ग्राहक आयोगापुढे उभे करणे अशक्य; त्याचा माल विकणाऱ्याला उभे करणे आता शक्य आहे. 'आम्ही फक्त विकतो' हे वाक्य पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

या कलमातल्या यादीत एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे किंमत. आराखडा, चाचणी, वेष्टन यांवरचे नियंत्रण कायद्याला दिसते. 'एवढ्यातच बसव, नाहीतर दुसरा आहे' या वाक्यातले नियंत्रण त्याला दिसत नाही. या लेखात आलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात शिसे, मेलामाइन किंवा कुलूपबंद जिना यांच्याआधी ते वाक्य कुठेतरी उच्चारले गेले असणार. ते कागदावर येत नाही, त्यामुळे न्यायालयात पुरावा म्हणून ठेवता येत नाही. खरेदीदाराने ठरवलेला भाव सुरक्षित वस्तू बनवायला पुरेसा होता का, हे त्यालाच सिद्ध करायला लावणारा नियम झाला, तर साखळीच्या वरच्या टोकालाही हिशेब द्यावा लागेल. हे अवघड आहे, पण अशक्य नाही. उसाला किमान भाव ठरवून देताना आपण उत्पादनखर्चाचा हिशेब मांडतोच.

या दिवसांत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या घाऊक गल्ल्यांत दिव्यांच्या माळा, आकाशकंदील आणि खेळणी यांचे ढीग लागलेले असतात. भाव ऐकून आपल्यालाच आश्चर्य वाटते: एवढ्यात कसे परवडते यांना? बहुतेक वेळा हा प्रश्न आपण आनंदाने विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पिशवी पुढे करतो. यंदा उत्तरासाठी क्षणभर थांबावे. माळेच्या वायरीवर आणि खेळण्याच्या खोक्यावर मानकाचे चिन्ह आहे का, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आहे का, एवढे पाहावे आणि नसेल तर विचारावे. बिल मागावे; कारण बिल असले तरच ८६ वे कलम आपल्या उपयोगाचे. दुकानदार कुरकुरेल. पण तो त्याच्या घाऊक व्यापाऱ्याला विचारेल आणि तो आयातदाराला. भावाचा ताण जसा वरून खाली जातो, तसा प्रश्नही कडीकडीने त्याच साखळीतून जाऊ शकतो.